थंडीत अडणारी गाडी

त्या हिवाळ्यात मी माझ्या चुलत सासूवर जेट्टीवर, चारचौघांसमोर आळ घेतला. त्याआधी काही दिवस दिरावर संशय होता, आणि त्याच्याही आधी मेकॅनिकवर. सगळ्याला कारण एक जुनी व्हॅन. थंडी पडली की ती सकाळी चालू व्हायची नाही.

मी मूळची भांडुपची. माहेर मालवणी, वडील गिरणीत होते. लग्न करून गोराईला कोळ्यांच्या घरात आले, तेव्हा मासे खायचे कसे ते मला चांगलं ठाऊक होतं, विकायचे कसे ते नव्हतं. ते शिकवलं नवऱ्याच्या काकीने. सासू लवकर गेलेली, त्यामुळे घरात सांगणारं कोणी नव्हतं. काकी शेजारच्याच घरात. तिने मला मासे कापायच्या कोयतीवर बसवलं, बोंबील कसा धरायचा ते दाखवलं, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की कुठे बघायचं तेही शिकवलं. "तिच्या तोंडाकडे नाय बघायचं गो, माशाकडे बघत राहायचं." काकीचं बोलणं अस्सल कोळी बोलीतलं, इथे मी ते सगळ्यांना कळेल अशा बेताने लिहिते आहे.

बरीच वर्षं मी तिच्याबरोबर बोरिवलीच्या बाजारात बसले. मग मोबाईलवर ग्रुप आले. दोन-तीन सोसायट्यांमधल्या बायका मला सांगायला लागल्या, तू बाजारात कशाला थांबतेस, सरळ गेटवर आण, आम्ही खाली येतो. मी रोज सकाळी ग्रुपवर काय मिळालंय ते टाकायला लागले. गिऱ्हाईक वाढलं. त्यातलं निम्मं गिऱ्हाईक आधी बाजारात काकीच्या पाटीसमोर उभं राहायचं, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. ती काही बोलली नाही, पण माझ्याशी बोलणं कमी झालं. बोटीत पूर्वी माझ्या शेजारी बसायची, ती पुढे जाऊन बसायला लागली.

गणपती झाल्यावर मी दिराची व्हॅन घेतली. दिराचा मंडपाचा धंदा. खुर्च्या, पडदे, दिव्यांच्या माळा वाहायला त्याने ती वापरली होती. आता त्याला टेम्पो घ्यायचा होता. व्हॅन जुनी, इंजिन पुढच्या सीटच्या खाली, मागची सीट काढून टाकलेली. देताना त्याने एकच किल्ली दिली. "दुसरी कुठेतरी पडली वहिनी, सापडली की देतो."

गोराईहून बोरिवलीला गाडीने जायचं तर भाईंदरवरून मोठा वळसा पडतो, म्हणून व्हॅन मी खाडीच्या पलीकडे, बोरिवलीच्या बाजूच्या जेट्टीजवळ ठेवायचे. सकाळी माशांची खोकी घेऊन बोटीने यायचं, व्हॅनमध्ये भरायची, सोसायट्यांमध्ये फिरायचं, संध्याकाळी व्हॅन तिथेच लावून बोटीने घरी. तिथे रस्ता खाडीकडे उतरता आहे. गाडी तोंड खाली करून उभी राहायची. समोर एक चहावाला, पलीकडे तिवरं. रात्रभर गाडीकडे बघणारं कोणी नाही.

दिवाळीपर्यंत गाडीने काही कुरकूर केली नाही. डिसेंबरात एकदा दोन-तीन दिवस सलग गार वारा सुटला. खाडीवर तर असा गारठा की बोटीतल्या बायका पदर कानांवरून घेऊन बसलेल्या. मी खोकी चढवली, किल्ली फिरवली. इंजिन एरवी झटकन उठायचं, त्या दिवशी झोपेतून उठवल्यासारखं सावकाश, घोगरं फिरलं आणि थांबलं. परत फिरवलं. कुर्र, कुर्र, मग नुसतं कट्. चहावाला आणि बोटीवरचे दोघे आले, ढकलून गाडी चढावर तर जाईना, शेवटी उतारावरच थोडी जागा होती तिथे गिअरमध्ये टाकून धक्का मारला तेव्हा चालू झाली. सोसायटीत पोचायला उशीर झाला. एक बाई म्हणाली, "आज आम्ही चिकन आणलं."

तेव्हापासून हा खेळच झाला. गारठा असला की अडायची. एखाद्या दिवशी ढग असले, हवा उबदार असली, की काहीच झालं नाही अशी निघायची. आणि दुपारी तर कधीच अडायची नाही.

जो तो आपलं डोकं लावून गेला. चहावाला म्हणाला, गॅसवर चालते ना, मग थंडीत अशीच करणार, सकाळी पेट्रोलवर चालू करा. मी पेट्रोलवर करून बघितली, काही फरक नाही. जवळच्या एका गॅरेजवाल्याकडे नेली. नेली दुपारी, म्हणजे त्याच्यासमोर पहिल्याच किल्लीला चालू. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी डॉक्टरकडे जाऊन ताप नसताना ताप आहे म्हणतेय. तरी त्याने प्लग बदलले. दोन दिवस हवा बरी होती, गाडी निघाली. तिसऱ्या दिवशी परत गारठा, परत कट्. मला वाटायला लागलं की याने प्लग बदललेच नाहीत, जुनेच पुसून बसवले. मग वाटलं, नवे बसवले असतील पण आतलं दुसरं काहीतरी काढून घेतलं. त्याच्याकडे परत गेले नाही. बॅटरीच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने मीटर लावला आणि म्हणाला, "बॅटरी चांगली आहे ताई." मी म्हटलं, चांगली आहे तर मग बदलायला काय हरकत आहे? तो हसला आणि नवी बसवून दिली. चार दिवसांनी पुन्हा तेच.

बॅटरी नवी, प्लग नवे, दुपारी गाडी ठणठणीत. मग रात्रीत काय होतं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग बाहेर निघेना.

आईला फोनवर सांगितलं. भांडुपला बसून तिने लगेच निकाल दिला. "गाडी काय आपसूक बंद पडणा नाय. घरातल्याच कोणाचो तरी हात असतलो. बघ तू, माझा आयक."

मी हसले, पण ते वाक्य राहिलं. घरातल्या कोणाचा? मला पहिला आठवला दीर आणि त्याची हरवलेली किल्ली. हल्ली भेटला की तो हमखास विचारायचा, "वहिनी, गाडी चालते ना नीट?" आधी मला तो काळजीने विचारतोय असं वाटायचं. आता तोच प्रश्न वेगळा ऐकू यायला लागला. नीट चालत नाही हे त्याला आधीच ठाऊक होतं का? दोष लपवून गाडी माझ्या गळ्यात मारली का? की टेम्पोचा बेत फसला म्हणून मी कंटाळून परत द्यावी अशी वाट बघतोय? एकदा मी त्याला तोंडावर विचारलं, "तुझ्याकडे असताना थंडीत अडायची का रे?"

"नाय बा, कधीच नाय," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला खोटं वाटलं.

नवरा चार-पाच दिवस समुद्रात असायचा. परत आला की त्याला हे सगळं ऐकवायचे. तो जाळं आवरता आवरता म्हणायचा, "मशीन आहे ती. तू माणसांच्या मागे कशाला लागतेस?" मला वाटायचं, भावाची बाजू घेतोय.

आणि मग काकी. संध्याकाळी मी व्हॅन लावून बोटीची वाट बघायचे तेव्हा बाजारातून परतलेली काकी तिथेच, व्हॅनच्या पुढच्या चाकापाशी एका उलट्या क्रेटवर बसलेली असायची. पूर्वी ती चहावाल्याच्या बाकावर बसायची. गाडीजवळ का बसते? एका संध्याकाळी मी दार बंद करताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी गाडी मुतते गो. रोज. बघून घे."

बाजूला बसलेल्या दोघीतिघी हसल्या. मला ते लागलं. गाडीवाली झालीस, आता गाडीचं तूच बघ, असा तो टोमणा आहे हे मी ठरवूनच टाकलं. "मासे आहेत काकी, पाणी गळणारच," असं म्हणून मी बोटीकडे चालू लागले. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी अडली. चहावाला सहज बोलून गेला, "काल तुमची बोट सुटल्यावर म्हातारी पुढच्या बोटीने गेली. बराच वेळ गाडीला टेकून उभी होती." त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र सगळं जुळलं.

त्या संध्याकाळी मी एक उद्योग केला, जो आज सांगायलाही लाज वाटते. घरून चिकटपट्टी आणली होती. काकी यायच्या आत व्हॅनच्या दोन्ही पुढच्या दारांच्या फटीवर खालच्या बाजूला एकेक तुकडा लावला. कोणी दार उघडलं तर पट्टी सुटेल, मला कळेल. रात्री मला नीट झोप लागली नाही. खरं सांगायचं तर मला ती सुटलेली हवी होती.

सकाळी बोटीतून उतरले आणि खोकी तशीच ठेवून आधी गाडीकडे गेले. डावीकडची पट्टी एका टोकाने लोंबत होती. उजवीकडची खाली मातीत पडलेली. किल्ली फिरवली. कट्.

काकी मागून पाटी डोक्यावर घेऊन येत होती. मी तिच्या वाटेत उभी राहिले.

"काकी, माझ्या गाडीला हात कशाला लावतेस?"

तिला आधी कळलंच नाही. "काय?"

"गिऱ्हाईक गेलं म्हणून माझ्यावर राग आहे ना? मग मला बोल. गाडीची वाट कशाला लावतेस?"

बोटीतून उतरलेल्या बायका थांबल्या. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. काकीने पाटी खाली उतरवली नाही. मान ताठ ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या त्या चिकटपट्टीच्या तुकड्याकडे पाहिलं.

"मला ते दार उघडता येतं का?" एवढंच म्हणाली आणि रस्त्याने चालायला लागली. रिक्षाही थांबवली नाही.

मी तिथे उभी राहिले. बरोबर बोलले असं वाटत होतं, पण तिचा प्रश्न सुटेना. दार तर कुलूपबंद होतं. किल्ली माझ्याकडे आणि, असलीच तर, दिराकडे. पण संशयाला रस्ता सापडतोच. मी मनात म्हटलं, म्हणजे दोघं मिळून करतात.

त्या दिवशी माझ्या गिऱ्हाइकांपैकी एका बाईंनी मला त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीचा नंबर दिला. पन्नाशीचा माणूस, पूर्वी मोठ्या गॅरेजात होता, आता घरोघर जाऊन काम करतो. मी फोनवर सगळं सांगितलं, संशयसुद्धा. त्याने शांतपणे ऐकलं आणि दोनच प्रश्न विचारले. अडते तेव्हा पुढचे दिवे मंद होतात का? आणि गाडी सकाळी किती वाजता अडते?

दिव्यांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

"मग मी सकाळीच येतो," तो म्हणाला. "दुपारी दाखवू नका. दुपारी ती मला पण फसवेल. आणि मी येईपर्यंत किल्ली लावू नका."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बोटीने आले तर तो आधीच स्वेटर घालून चहा पीत उभा. चांगलाच गारठा होता. मनात आलं, याला एवढी काय घाई? हा त्या पहिल्या गॅरेजवाल्याचा कोणी नसेल ना? माझी ही अवस्था झाली होती.

त्याने मला आत बसवून दिवे लावायला सांगितले आणि स्वतः समोर उभा राहिला. "आता किल्ली फिरवा." कुर्र, कुर्र, कट्.

"दिवे हलले पण नाहीत," तो म्हणाला. "झकास पेटलेत. म्हणजे बॅटरीत ताकद आहे. ती ताकद इंजिनापर्यंत पोचत नाहीये."

पुढची सीट उचलून त्याने बॅटरी उघडी केली. मग पिशवीतून एक जाड काळी वायर काढली, दोन्ही टोकांना चिमटे. एक चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला, दुसरा थेट इंजिनाच्या लोखंडाला. "आता फिरवा."

मी किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात उठली. मी घाबरून हात मागे घेतला. त्या गारठ्यात, पहिल्या किल्लीला. चहावाला "अरे!" म्हणाला.

मिस्त्रीने गाडी बंद केली, वायर काढली, परत फिरवायला लावली. कट्. वायर लावली. चालू. तीनदा त्याने हे करून दाखवलं, बहुतेक माझ्या चेहऱ्यावरचा संशय बघून.

"अर्थिंग गेलंय," तो म्हणाला. "बॅटरीतून करंट जातो, काम करतो, आणि परत यायला त्याला रस्ता लागतो. तो रस्ता म्हणजे हा पट्टा." टॉर्च मारून त्याने मला वाकायला लावलं. सीटच्या खाली, तळाच्या पत्र्याला एक बोल्ट होता आणि त्यातून इंजिनाकडे जाणारा तांब्याच्या तारांचा विणलेला पट्टा. विणलेला म्हणायचं इतकंच. बोल्टवर पांढरी-हिरवी पूड जमली होती, आणि पट्ट्याचे धागे कुरतडल्यासारखे तुटले होते. मोजके काही शिल्लक.

"मग दुपारी कशी चालू होते?"

"गरमीत इंजिन हलकं फिरतं, एवढ्या धाग्यांवर भागतं. थंडीत ऑइल जाड होतं, फिरवायला जोर लागतो, तेवढा करंट यातून जातच नाही. म्हणून तर सगळे फसले." मग त्याने बोटाने ती पूड घासली, वास घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मासे कुठे ठेवता?"

मी मागे दाखवलं. थर्माकोलची खोकी, बर्फ, खाली प्लास्टिकचा कागद. तो कागद पुढच्या बाजूला फाटला होता. गाडी रोज संध्याकाळी उतारावर, तोंड खाली करून. रिकाम्या खोक्यांतलं बर्फाचं खारं पाणी पुढे वाहत यायचं, सीटखाली त्या बोल्टवर साचायचं आणि तिथून थेंब थेंब खाली.

"गाडीखाली पाणी पडलेलं कोणी बघितलं नाही का?" मिस्त्रीने विचारलं.

मी पुढच्या चाकापाशी, काकी बसायची तिथे, बघितलं. चहावाल्याने मान वळवली.

मला त्या चिकटपट्टीचं आठवलं. पडलेला तुकडा अजून तिथेच होता. उचलला, बोट लावून बघितलं. दवाने ओलाचिंब, त्याला चिकटपणा म्हणून नव्हताच.

मिस्त्रीने जुना पट्टा कापला, पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, नवा पट्टा वेगळ्या जागी, उंचावर बसवला आणि वरून ग्रीस चोपडलं. तळाला एक भोक होतं ते मातीने बुजलेलं, तेही मोकळं केलं. "गाडी चढाकडे तोंड करून लावा. आणि खोकी ट्रेमध्ये ठेवा," म्हणाला. अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी मी दीड महिना माणसं तपासत फिरले होते.

काकीकडे मी त्याच संध्याकाळी गेले. ती ओट्यावर जवळा निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पट्टा, पाणी, बोल्ट. माफ कर म्हटलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मी सांगितलं तेव्हा बघितलं असतंस तर?"

"मला वाटलं तू टोमणा मारतेस."

"टोमणाच मारला," ती म्हणाली. "पण पाणी गळत होतं ते खरंच होतं. रोज त्याच जागी. म्हणून बघत बसायचे, कुठून येतं ते."

काकीने जवळ्यातला कचरा वेचून बाजूला टाकला.

"तुला वाटलं मी जळते तुझ्यावर."

"हो."

"जळतेच," काकी म्हणाली. "माझ्या बाया गेल्या तुझ्याकडे. मी शिकवलं, तू घेऊन गेलीस. जळू नको तर काय करू? पण त्याच गाडीतून माझ्या पुतण्याचे मासे जातात. तिला मी हात कशाला लावीन?" मग तिने सूप बाजूला केलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "चार लोकांत बोललीस. ते मी विसरणार नाय."

विसरली नाहीच. मी पुढच्या सकाळी जेट्टीवर, त्याच बायकांसमोर, माझी चूक झाली म्हणून सांगितलं. काकी ऐकून न ऐकल्यासारखी पुढे गेली. मी रोज विचारायचे, काकी, बाजारापर्यंत सोडू का? ती रिक्षा पकडायची. फेब्रुवारी निम्मा सरला तेव्हा एका सकाळी रिक्षावाल्यांचा काहीतरी बंद होता. ती न बोलता आली, पाटी मागे ट्रेमध्ये ठेवली आणि पुढे बसली. बाजार येईपर्यंत दाराची कडी घट्ट धरून होती. उतरताना म्हणाली, "हळू चालवत जा."

तेव्हापासून येते. पुढे तिची कोळंबी आणि करंदीही मी माझ्या ग्रुपवर टाकायला लागले. तिच्या नावाने, तिने सांगितलेल्या दराने. मी नीट लिहिते की नाही, याची तिला अजून खात्री नाही. माझा मेसेज ती घरी कोणाकडून तरी रोज वाचून घेते, आणि कधी कधी दोघांकडून. मला ते कळतं. मी काही म्हणत नाही. आमच्यात संशय आधी कोणी आणला हे मला माहीत आहे.

दिराला मात्र मी कधी सांगितलंच नाही. मधले काही दिवस मी त्याला चोर ठरवलं होतं, हे त्याच्या गावीही नाही. परवा तो जेवायला आला होता. ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "वहिनी, गाडी चालते ना नीट?"

"चालते," मी म्हटलं, आणि त्याला माशाची आणखी एक तुकडी वाढली.